किती, कशात, कुणापेक्षा

रुम्फी, ९ फेब्रुवारी १९९७

लुसुंगू,

तुझं पुस्तक आमच्याकडे पोचलं. तू पाठवलंस म्हणून नाही. वेझीच्या दप्तरातून आलं. शाळेनं दोन मुलांत एक वाटलंय, त्यामुळे ते एक दिवस आमच्या घरी असतं आणि एक दिवस तिच्या शेजारच्या मुलीच्या घरी. वर तुझं नाव, नावापुढे पदव्या, मागच्या कव्हरवर चष्मा लावलेला तुझा फोटो. फोटोत तू बाबांसारखी दिसतेस. खूश होशील म्हणून सांगत नाही, दिसतेस म्हणून सांगते.

तुलनेच्या धड्यात, चौकटीत, जाड अक्षरांत छापलंयस : ‘तोवेरा इज फार वर्स ॲट स्पेलिंग दॅन हर सिस्टर.’

वेझीनं ते पान माझ्या मशीनवर, शिवत होते त्या गणवेशाच्या कापडावरच ठेवलं. म्हणाली, “आई, ही तूच ना?”

मी म्हटलं, “या देशात तोवेरा काय मी एकटीच आहे?”

“म्हांगो मास्तर बाहेरगावचे आहेत, त्यांना चालेल हे उत्तर. बाकीचा वर्ग इथलाच आहे. वाक्य वाचल्यावर सगळे वळून माझ्याकडेच बघायला लागले.”

बघणारच. त्यांचे आईबाप माझ्याच वर्गात होते.

तुला आठवतं की नाही कोण जाणे, म्हणून सांगते. बाबा फळ्यासमोर उभे राहून म्हणायचे, “नुसतं ‘बेटर’ म्हणजे काय? भित्र्या माणसाचं बोलणं. किती बेटर? कशात बेटर? कुणापेक्षा बेटर? तिन्ही उत्तरं एका वाक्यात आली पाहिजेत.” ‘किती’ला ‘फार’ किंवा ‘मच’. ‘कशात’ला कुठे ‘ॲट’, कुठे ‘टू’, कुठे ‘ऑफ’. चुकलं की छडी. आणि ‘कुणापेक्षा’साठी त्यांना माणूस लागायचा. दुसऱ्याच्या पोराला फळ्यावर वाईट ठरवलं आणि ते पोर उद्या तापानं पडलं तर लोक म्हणतील गोंडवे सरांनी करणी केली. म्हणून त्यांनी घरातलीच दोन नावं वापरली. घरच्यांची करणी कुणी मोजत नाही.

तू एक इयत्ता गाळून माझ्या वर्गात येऊन बसलीस आणि त्यांची सोयच झाली. ‘लुसुंगू इज फार बेटर ॲट इंग्लिश दॅन तोवेरा.’ ‘लुसुंगू इज मच काइंडर टू हर मदर दॅन तोवेरा.’ ‘लुसुंगू इज फार लेस अफ्रेड ऑफ द डार्क दॅन तोवेरा.’ सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, मीसुद्धा. नाही म्हटलं तर छडी होतीच. मधल्या सुट्टीत पोरं तुला ‘फारबेटर’ म्हणायची आणि मला ‘दॅन’. ‘दॅन’च्या पुढे जो बसतो तो हरलेला, एवढं इंग्रजी त्या सगळ्यांना पक्कं आलं. बाजारात आजही एक भाजीवाली मला ‘दॅनताई’ म्हणते. तिला वाटतं माझं नावच ते.

बाबा कधीतरी जातील तेव्हा ही वाक्यंही त्यांच्याबरोबर जातील असं मी समजून होते. तू ती छापलीस. मास्तर निवृत्त होतो, पुस्तक होत नाही. उत्तरेच्या कारोंगापासून दक्षिणेच्या न्सांजेपर्यंत, देशातल्या प्रत्येक शाळेत आता मी ‘वर्स’ आहे.

माझं नाव काढ. एवढंच मागणं आहे.

तोवेरा

ता. क. हे पत्र आपल्या भाषेत लिहिलंय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू आधी तपासलं असतंस आणि मग वाचलं असतंस.

&nbsp;

रुम्फी, १६ मार्च १९९७

लुसुंगू,

तुझं टाइप केलेलं पत्र मिळालं. इंग्रजीत. सही तेवढी हातची आहे.

तू लिहितेस की ते बाबांचं ऋण आहे, त्यांची वाक्यं पुस्तकात अमर व्हावीत म्हणून तू ती जशीच्या तशी घेतलीस. जशीच्या तशी कुठे घेतलीस गं? तुझं नाव गाळलंस की. बाबांच्या फळ्यावर दोघींची नावं असायची. तुझ्या पुस्तकात मी नावानिशी आहे आणि तू नुसती ‘हर सिस्टर’. तुझ्या विनयाचं कौतुक कुणीतरी केलंच असेल.

पुढे लिहितेस की यंदाच्या प्रती छापून गेल्या आहेत, पुढच्या छपाईत नाव बदलता येईल, तर कोणतं घालू? हे तू मला विचारतेस! तुझं घाल. वाक्यही बदलावं लागणार नाही. जिला ‘सिस्टर’ म्हटलंयस ती मी होईन.

वेझीसाठी पाठवलेले बूट पोचले. एक माप लहान आहेत. भाची केवढी झाली हे बघायला तू आली नाहीस, तेव्हा तुझी चूक म्हणता येणार नाही.

बाबांना ते पान मी वाचून दाखवलं. त्यांची नजर आता इतकी अधू झालीय की ताटातली उसिपा मासळी आणि मिरची हाताला लागली तरच त्यांना वेगळी कळते. पण कान शाबूत आहेत. सकाळी ओट्यावर उन्हात बसले होते. मी म्हटलं, “बाबा, लुसुंगूच्या पुस्तकात तुमचं वाक्य आलंय.” मान ताठ झाली. मी वाचलं, सावकाश, माझं नाव नीट ऐकू जाईल असं.

म्हणाले, “पुन्हा वाच.”

पुन्हा वाचलं.

“‘ॲट’ लिहिलंय ना? ‘इन’ नाही?”

“‘ॲट’च लिहिलंय.”

“शाबास. हल्ली सगळे ‘इन’ लिहितात. रेडिओवालेसुद्धा.”

मी वाट बघत उभी राहिले. म्हटलं आता माझ्याबद्दल काहीतरी येईल. ते म्हणाले, “चहात साखर कमी होती आज.”

मी साखर आणून दिली. दुसरं काय करणार होते? त्यांचं धुणंपाणी मी करते, नखं मी कापते, अंथरूण मी घालते. तरी त्यांच्या दोन मुलींपैकी बरोबर शब्द वापरणारी तू आहेस.

वेझीचे वडील कासुंगूच्या तंबाखूच्या मळ्यावर गेले ते तिकडचेच झाले, हे तुला माहीत आहे. म्हणजे या घरात मी, बाबा आणि पोरगी. पोरगी गप्प झालीय. मला त्याची काळजी आहे. बाकी कशाचं मला काही वाटत नाही, तसं समजू नकोस.

तोवेरा

&nbsp;

रुम्फी, २० एप्रिल १९९७

लुसुंगू,

घाईत लिहितेय, न्खाता बेला जाणारी एक बाई पत्र टाकून देणार आहे.

म्हांगो मास्तरांनी वर्गाला तुझ्या धड्याखालचा स्वाध्याय दिला. ‘वरील नमुन्याप्रमाणे पाच वाक्ये करा.’ पोरांनी नमुन्याप्रमाणेच केली. प्रत्येक वहीत तोवेरा. तोवेरा गाढवापेक्षा कशात वाईट, तोवेरा डुकरापेक्षा कशात घाण. एकेक उठून मोठ्यानं वाचत होतं, मास्तर ‘टू’ आणि ‘ऑफ’ सुधारत होते. आपण काय सुधारतोय ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

वेझीची पाळी आली. ती उठली आणि म्हणाली, “सर, तोवेरा माझी आई आहे.”

मास्तर म्हणाले, “हे वाक्य नमुन्याप्रमाणे नाही.”

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. मास्तरांना नंतर कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी ते घरी आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले, माफी मागितली. भला माणूस आहे. पण वेझी त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला बाहेर जाऊन झाडाखाली बसते. ओरडले, समजावलं, रागाच्या भरात एकदा हातही उचलला. ती म्हणते, “मला नको ती भाषा.”

तुला सांगायला नको की इंग्रजीत नापास म्हणजे सगळ्यात नापास. गणितात मी शाळेत पहिली आले होते. इंग्रजीच्या पेपरात तुलना विचारली होती. एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. डोक्यात दुसरी नावं येईचनात. गणिताचा पहिला नंबर घेऊन मी शिवणयंत्रावर बसले.

माझ्या पोरीचं तसं होऊ देणार नाही. काहीतरी कर. शाळेला पत्र लिही, नाहीतर स्वतः ये. तुझं ऐकतील.

तोवेरा

&nbsp;

रुम्फी, २२ जून १९९७

लुसुंगू,

तू आलीस. आणि गेलीस. जे घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, तरी लिहून काढते, कारण तिकडे झोंबाला घरी पोचून तू ते वेगळं सांगशील.

मी तुला शाळेशी दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. शाळेनं तुला बक्षीस समारंभाची प्रमुख पाहुणी केली. मंडप घातला, पोरींची गाणी बसवली, बाबांना पहिल्या रांगेत हातांची खुर्ची दिली. बाबांचा तो जुना कोट मी आदल्या दिवशी उसवून पुन्हा शिवला होता. बारीक झालेत ते. तू त्यांच्या पाया पडायला गुडघ्यावर बसलीस तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू.

मग तू बोललीस. छान बोललीस. इंग्रजीत सुरू केलंस, मध्येच आपल्या भाषेत आलीस, लोक खूश झाले. आणि म्हणालीस, “माझ्या पुस्तकातली तोवेरा खरी आहे बरं का! ती बघा, तिकडे बसलीय. माझी ताई! तिनं माझ्यामागे उभं राहून मला मोठं केलं. ताई, हात वर कर!”

साऱ्या मंडपानं माना वळवल्या. मागून कुणीतरी पोरगं ओरडलं, “दॅन!” त्याच्या बापानंच शिकवलं असणार. हशा पिकला, टाळ्या झाल्या. तूही हसलीस. तुला खरंच वाटत होतं की तू माझा मान करतेयस. हे मला त्या पोराच्या ओरडण्याहून जास्त लागलं.

आणि मी काय केलं? हात वर केला. हलवलासुद्धा. लोक टाळ्या वाजवत असले की माणूस हात हलवतो.

वेझी माझ्या शेजारून उठली आणि मंडपाबाहेर गेली. गणिताचं बक्षीस तिला होतं. नाव पुकारलं तेव्हा ती तिथे नव्हती, तूच ते घरी घेऊन आलीस.

जेवताना मी वाढत होते. कोंबडी तुझ्यासाठी कापली होती. पेटा, कोंबडीतला मानाचा तुकडा, मी नेहमीसारखा बाबांच्या ताटात ठेवला. त्यांनी तो चाचपून उचलला आणि तुझ्या ताटात टाकला. तू माझ्याकडे बघितलंस. मी मक्याची सिमा वाढायला वळले.

तेव्हा तू म्हणालीस, “ताई, तू मला शिक्षा करतेयस.”

“मी? मी तर हात हलवला.”

“तुला वाटतं मला मजा यायची? बाबा फळ्यावर माझं नाव लिहायचे आणि मी मनात मार्क मोजायला लागायचे. एक मार्क जरी कमी पडला असता तर ते वाक्य उलटं झालं असतं. मी झोपेत स्पेलिंगं म्हणायचे. तुला माहीत आहे, तू शेजारीच झोपायचीस.”

“मग होऊ द्यायचंस उलटं. एकदा तरी.”

मग मी बाबांना विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही तू होतीस म्हणून. “बाबा, तुम्ही आमचीच नावं का लिहायचात?”

त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले. “मी व्याकरण शिकवत होतो,” म्हणाले. “मुलं पास झाली.”

“मी नाही झाले, बाबा.”

“तू?” म्हणाले. ओळख पटत नसल्यासारखे माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. “तू तर घर सांभाळलंस.”

मला वाटलं तू आता काहीतरी म्हणशील. तू पाण्याचा पेला उचललास. तेवढ्यात वेझी आत आली, भिंतीशी बसली, आणि तू तिला म्हणालीस, “माझ्याबरोबर झोंबाला चल. तिथली शाळा चांगली आहे. तिथे तुला कुणी ओळखत नाही.”

वेझीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “कधी?”

एकदा म्हणाली असती ना, आईला विचारते म्हणून.

तू गाडीत बसलीस तेव्हा मी खिडकीपाशी उभी होते. तू विचारलंस, “ताई, काय म्हणतेस मग?” मी म्हटलं, “रस्त्यात गुरं असतात, जपून जा.” म्हणायचं होतं ते हे : माझं नाव घेतलंस, माझी हार घेतलीस, ती छापून त्यावर मोठी झालीस. आता पोरगीही घे. तुझ्याकडे तीसुद्धा जास्त शोभेल.

मी पोरगी पाठवणार नाही. हा माझा निरोप समज.

तोवेरा

&nbsp;

रुम्फी, ३ सप्टेंबर १९९७

लुसुंगू,

हे पत्र वेझीच्या हातात देतेय. ती उद्या सकाळच्या बसनं निघतेय. म्झुझूला तुझी मैत्रीण तिला उतरवून घेईल आणि पुढच्या गाडीत बसवेल असं तू कळवलं होतंस. ती बाई आली नाही तर पोरगी रडणार नाही, पण घाबरेल. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत नाही, म्हणून सांगून ठेवते.

मी पाठवणार नव्हते. दोन महिने घरात तेच चाललं होतं. शेवटी मी तिला स्पष्टच विचारलं, “मावशीच्या पुस्तकानं तुझं हसं झालं आणि तू मावशीकडेच निघालीस?”

ती म्हणाली, “आई, मावशीकडे मी हरले तरी कुणाला कळणार नाही. इथे मी जिंकले तरी तुझीच मुलगी असेन.”

तिनं हे रागानं म्हटलं नाही. भांडी घासत होती, घासत घासत म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी कापड काढलं आणि तिचे दोन नवे फ्रॉक शिवायला घेतले.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. सर्टिफिकेट हवं आहे आणि ते तुझ्या वाटेनं जाऊन मिळतं, एवढंच. इथे राहिली तर माझ्या मशीनवर बसेल. शिवण वाईट नाही, पण ते तिनं निवडलेलं असावं.

पिशवीत भाजलेले शेंगदाणे आहेत, ते तुझ्यासाठी. रताळी तिच्यासाठी; तिला सकाळी चहाबरोबर लागतात. रात्री दिवा घालवू नकोस, तिला उजेड लागतो. ती गणितात अडली की बोलत नाही, कागद फाडते. तेव्हा काही म्हणू नकोस, दुसरा कागद दे.

आणि तिला चांगलं म्हणू नकोस. माझी भाची हुशार, माझी भाची चटपटीत, असं पाहुण्यांसमोर बोलू नकोस. तुझ्या मुलांसमोर तर नाहीच. एकटी असतानाही नको. पास झाली तर म्हण, जेवायला चल. नापास झाली तरी म्हण, जेवायला चल.

बाबा विचारत होते, पोरगी कुठे चालली. मी म्हटलं लुसुंगूकडे. हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. नंतर त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात चाचपून धरला. मला वाटलं, आता काहीतरी. म्हणाले, “मग आता मला वाचून कोण दाखवणार?” मी म्हटलं, मी दाखवीन. ते म्हणाले, “तुला येईल?”

आज संध्याकाळी त्यांना मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, इंग्रजी. चार ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. पाचव्या वेळी मी थांबले नाही.

एक शेवटचं. वेझी मला पत्रं लिहील. कबूल केलंय तिनं, महिन्याला एक, आपल्या भाषेत. तिला ती बोलायला येते, लिहायला नाही. शाळेत कधी शिकवलीच नाही कुणी. तेव्हा चुका खूप असतील. ती तुझ्याकडे घेऊन येईल, मावशी हे कसं लिहू विचारत.

सांगू नकोस. पाकीट बंद करायला लाव आणि तसंच टपालात टाक.

तोवेरा